एका खाजेचे औषध

मराठी घरात एखाद्याच्या अंगावर लाल, उंचवट्याच्या, अतिशय खाजणाऱ्या गांधी उठल्या, की त्याला 'पित्त उठले' असे म्हणतात. मग आमसुले भिजत घालून त्यांचे पाणी अंगास चोळावयाचे, रोग्यास घोंगडी पांघरून स्वस्थ निजवावयाचे आणि आदल्या दिवशी खाल्लेल्या कोळंबीस किंवा वांग्यास दोष द्यावयाचा, हा क्रम कित्येक पिढ्यांचा आहे. रात्र सरते, सकाळी कातडी पुन्हा पूर्ववत् दिसू लागते आणि आमसुलाची कीर्ती वाढते. ह्यात आमसुलाचा अपराध काही नाही. त्या पाण्याच्या गारव्याने घटकाभर बरेही वाटत असेल. परंतु गांध ही जात्याच अल्पायुषी असते. कोणतीही एक गांध बहुधा काही तासांतच, आणि सहसा चोवीस तासांच्या आत, मागमूस न ठेवता मावळते. त्यामुळे तिच्यावर जो उपाय करावा तो लागू पडल्यासारखा दिसतो. खाजेवरील औषधांचा इतिहास पाहताना ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतलेली बरी. खाज थांबली हे खरे. पण ती कोणी थांबविली, हा प्रश्न ह्या इतिहासात पुन्हापुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देताना मोठमोठ्या वैद्यशास्त्रज्ञांचीही फसगत झालेली आहे.

ह्या विकारास आयुर्वेदात शीतपित्त म्हणतात. माधवकराने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी आपल्या निदानग्रंथात त्याचे वर्णन करताना ह्या सुजेस गांधीलमाशीच्या दंशाची उपमा दिली आहे. युरोपीय वैद्यांनी त्याच विकारास 'अर्टिकेरिया' हे नाव दिले, ते 'अर्टिका' ह्या झुडपावरून. इंग्रजीत ज्यास नेटल म्हणतात, ते हे झुडूप. त्याच्या पानांवरील बारीक कुसे अंगास लागली की क्षणात आग होते आणि गांधी उठतात. दोन निरनिराळ्या देशांतील वैद्यांनी निरनिराळ्या वस्तूंच्या उपमा दिल्या, आणि त्या दोन्ही वस्तूंमध्ये पुढे एकच रासायनिक द्रव्य निघाले! गांधीलमाशीच्या विषात ते आहे, आणि नेटलच्या कुसांत ते असल्याचे एमेलिन व फेल्डबर्ग ह्या संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिले. ते द्रव्य म्हणजे हिस्टामीन होय.

हिस्टामीन प्रथम प्रयोगशाळेत तयार झाले आणि मग शरीरात सापडले, हा क्रम जरा उलटा आहे. जर्मनीतील विंडाउस व फोग्ट ह्या रसायनज्ञांनी १९०७ साली ते कृतीने बनविले, तेव्हा त्याचा प्राणिमात्राशी काही संबंध असेल अशी कोणास कल्पनाही नव्हती. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१० साली, लंडनमधील वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल आणि जॉर्ज बार्जर हे 'अर्गट' नावाच्या बुरशीचे पृथक्करण करीत होते. राय ह्या धान्याच्या कणसावर ही बुरशी पडते, आणि सुइणी ती फार पूर्वीपासून बाळंतपणात वापरीत आल्या होत्या. तिच्या अर्कात त्यांना हेच द्रव्य मिळाले. डेल व त्याचा सहकारी लेडलॉ ह्यांनी ते जनावरांस टोचून पाहिले. कुत्र्याचा रक्तदाब एकदम खाली आला. गिनिपिगच्या श्वासनलिका आवळून तो गुदमरून मेला. हे चित्र कोठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते. १९०२ साली फ्रान्समध्ये रिशे व पोर्त्ये ह्यांनी कुत्र्यांस समुद्रपुष्प नावाच्या सागरी प्राण्याचे विष टोचले होते. पहिली मात्रा पचविलेल्या कुत्र्यास काही आठवड्यांनी तिच्याहून कितीतरी लहान मात्रा दिली, तर तो काही मिनिटांतच मरण पावे. ज्यापासून संरक्षण मिळावयाचे त्यापासूनच विनाश ओढवणारी ही विपरीत अवस्था होती, आणि तिला रिशेने 'अॅनाफिलॅक्सिस' असे नाव दिले होते. हिस्टामीन टोचलेला प्राणी आणि ह्या विपरीत अवस्थेतील प्राणी एकमेकांशी हुबेहूब जुळत होते.

साम्य डोळ्यांत भरणारे होते, तरी त्यावरून हिस्टामीन हेच कारण असा निष्कर्ष डेलने काढला नाही. निरोगी, जिवंत शरीरात हे द्रव्य असते ह्याचा निर्विवाद पुरावा त्याच्याजवळ नव्हता. कुजक्या मांसात ते जंतूंच्या क्रियेने तयार होते हे ठाऊक असल्याने, शरीरात कोठे ते सापडले तरी नंतर उत्पन्न झाले असावे अशी शंका घेता येई. ही शंका फिटावयास सतरा वर्षे लागली. इन्शुलिनच्या शोधामुळे प्रसिद्धीस आलेला चार्ल्स बेस्ट, स्वतः डेल, डडली व थॉर्प ह्या चौघांनी १९२७ साली अगदी ताज्या यकृतातून व फुप्फुसातून हिस्टामीन वेगळे काढून दाखविले. आजच्या घाईच्या दिवसांत सतरा वर्षे आपल्याच कल्पनेवर अविश्वास ठेवणारा संशोधक विरळाच म्हणावा लागेल.

दरम्यान लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये टॉमस ल्यूइस हा हृदयरोगाचा अभ्यासक त्वचेकडे वळला होता. त्याचे प्रयोग इतके साधे की ते कोणासही स्वतःच्या हातावर करून पाहता यावेत. बोथट वस्तूने मनगटाच्या वर थोड्या जोराने एक रेघ ओढावी. काही सेकंदांत त्या रेघेच्याच मापाची एक लाल ओळ उमटते. नंतर तिच्या दोन्ही बाजूंस पसरट, अनियमित कडांची लाली फुटते. ओरखडा पुरेसा जोराचा असल्यास, किंवा कातडी तशा प्रकृतीची असल्यास, एकदोन मिनिटांत रेघेवर फिकट फुगवटा चढतो. हीच गांध. ल्यूइसने ह्यास त्रिविध प्रतिक्रिया म्हटले. मग त्याने कातडीत हिस्टामीनचा एक सूक्ष्म थेंब टोचला. त्याच तीन पायऱ्या, त्याच क्रमाने, त्याच वेगाने घडल्या, आणि त्याबरोबर खाजही सुटली. मज्जातंतू तुटून मृत झालेल्या त्वचेत मात्र लाल ओळ आणि फुगवटा येई. पण भोवतालची पसरट लाली येत नसे. म्हणजे त्या लालीचा निरोप मज्जातंतूच्या शाखांतून जातो हे उघड झाले. दुखावलेल्या त्वचेतून हिस्टामीनसारखे काही द्रव्य सुटते, असे ल्यूइस व ग्रँट ह्यांनी १९२४ साली लिहिले. ते हिस्टामीनच आहे असे मात्र ल्यूइस म्हणेना. त्याने त्यास नुसते 'एच-द्रव्य' म्हटले. ह्या बाबतीत तो डेलचाच भाऊ शोभतो.

आता एका माणसास कोळंबी पचते आणि दुसऱ्यास तिचे वावडे असते, ह्याचा उलगडा व्हावयाचा राहिला. मराठीतील 'वावडे' हा शब्द किती नेमका आहे! जे इतरांस चालते ते एकट्यास चालत नाही, हा सारा अर्थ त्या तीन अक्षरांत आला. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के ह्यास १९०६ साली ह्याच अर्थासाठी 'अॅलर्जी' हा नवा शब्द घडवावा लागला. १९२१ साली ब्रेस्लाव येथे काम करणाऱ्या क्युस्टनर ह्यास मासळीचे वावडे होते. त्याचा सहकारी प्राउसनित्स ह्याने क्युस्टनरच्या रक्ताचा रस आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. प्राउसनित्स मासळी खुशाल खात असे. पण त्या टीचभर जागेवर गांध उठली. वावडे रक्तरसातून उसने देता येते, हे ह्या प्रयोगाने सिद्ध झाले. उसने दिले जाणारे ते द्रव्य कोणते, हे समजण्यास १९६६ साल उजाडावे लागले. इशिझाका ह्या जपानी दांपत्याने अमेरिकेत, आणि योहान्सन व बेनिक ह्यांनी स्वीडनमध्ये, स्वतंत्रपणे त्याचा छडा लावला. 'आयजीई' ह्या नावाचे ते प्रतिपिंड आहे.

हे प्रतिपिंड जेथे जाऊन बसते त्या पेशींची हकीकत त्याहून जुनी आहे. पाउल एर्लिख ह्याने १८७८ च्या आपल्या प्रबंधात काही फुगीर, दाणेदार पेशींचे वर्णन केले होते. त्या खाऊनपिऊन लठ्ठ झाल्या असाव्यात असे वाटून त्याने त्यांस 'मास्ट' म्हणजे पोसलेल्या पेशी म्हटले. त्यांचे काम काय हे तीन पाव शतक कोणास कळले नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे रायली व वेस्ट ह्यांनी १९५२-५३ च्या सुमारास दाखविले, की शरीरातील हिस्टामीनचा मोठा साठा ह्याच पेशींच्या दाण्यांत असतो. एर्लिखचा तर्क चुकला, पण 'कोठार' ह्या अर्थी घेतला तर शब्द बरोबर निघाला.

तेव्हा गांध उठण्याची रीत अशी. त्वचेतील मास्ट पेशींवर आयजीई प्रतिपिंडे बसलेली असतात. ज्या पदार्थाचे वावडे असेल त्याचा कण आला, आणि त्याने शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडले, की पेशीतील दाणे बाहेर फेकले जातात आणि हिस्टामीन मोकळे होते. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींवरच्या ग्राहकांस चिकटते. त्या पेशी आक्रसतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात आणि रक्तरस पाझरून गांध फुगते. मज्जातंतूंच्या टोकांवरही तसेच ग्राहक असतात. तेथून खाजेची वार्ता मेंदूकडे जाते. येथे कोळंबीच्या बाजूने एक शब्द सांगितला पाहिजे. महिनोन् महिने रोज गांधी उठणाऱ्या रोग्यांत खाण्याच्या पदार्थाचा दोष क्वचितच आढळतो. त्यांतील पुष्कळांच्या शरीरात स्वतःच्याच घटकांविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि मास्ट पेशींस तीच चिथावणी देतात. असे रोगी एकेक पदार्थ सोडीत शेवटी भाताच्या पेजेवर येऊन ठेपतात. गांधी उठावयाच्या त्या उठतच राहतात.

शत्रू ओळखल्यावर त्यास अडविणारे औषध शोधणे हे ओघानेच आले. परंतु ते शोधले गेले ते त्वचारोग्यांच्या कळवळ्याने नव्हे. एका तर्कातून शोधले गेले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एर्नेस्ट फूर्नो ह्याच्या प्रयोगशाळेत दान्येल बोव्हे नावाचा स्विस तरुण काम करीत होता. त्याचे म्हणणे असे, की शरीरातील असिटिलकोलीन ह्या द्रव्यास अॅट्रोपीन अडविते, अॅड्रेनलिनास अर्गटमधील काही क्षार अडवितात. मग हिस्टामीनासच प्रतिस्पर्धी का नसावा? निसर्गात तो आढळत नव्हता, म्हणून तो कृतीने बनविला पाहिजे. दुसऱ्याच कामासाठी तयार केलेली संयुगे त्याने ह्या दृष्टीने तपासावयास घेतली. त्याच्या हाताखाली आन-मारी श्टाउब ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी होती. १९३७ साली ह्या दोघांनी '९२९ एफ' ह्या संयुगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. ते आधी दिले असता, एरवी हमखास मारणारी हिस्टामीनची मात्रा टोचूनही गिनिपिग जगत असे. संयुग विषारी असल्याने माणसास देण्याजोगे नव्हते. परंतु दार आहे, आणि ते उघडते, हे कळले. श्टाउबने पुढे एकामागून एक संयुगे तपासून १९३९ मध्ये त्यांवर प्रबंध लिहिला. कोणत्या आकाराचा रेणू हिस्टामीनला अडवील, ह्याचा पुढील सर्व रसायनज्ञांस उपयोगी पडलेला आराखडा तिच्याच कामातून निघाला. १९५७ चे नोबेल पारितोषिक बोव्हेला मिळाले; श्टाउबचे नाव आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसही क्वचितच ठाऊक असते.

महायुद्ध पेटलेले, फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली, अशा १९४२ साली रोन-पूलँक कंपनीत काम करणाऱ्या बेर्नार आल्पेर्न ह्याने 'अँटरगॅन' हे माणसास देता येईल असे पहिले हिस्टामीनविरोधी औषध पुढे आणले. १९४४ मध्ये त्याहून सौम्य असे 'निओअँटरगॅन' आले. अटलांटिकच्या पलीकडे सिनसिनाटी विद्यापीठात जॉर्ज रिव्हशल हा आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या द्रव्याच्या शोधात होता. त्याने बनविलेले डायफेनहायड्रॅमीन १९४६ साली पार्क-डेव्हिस कंपनीने 'बेनाड्रिल' ह्या नावाने विकावयास आणले. वर्षानुवर्षे गांधींनी हैराण झालेल्या रोग्यांस ह्या गोळ्यांनी तासादोन तासांत शांतता मिळू लागली. वैद्यकात असे क्षण थोडे येतात, आणि त्या वेळच्या डॉक्टरांच्या आनंदास अतिशयोक्ती म्हणता येणार नाही. शीतपित्ताची खाज खरोखरच हिस्टामीनची खाज आहे, हे ल्यूइसला जे म्हणवले नव्हते ते ह्या औषधाने म्हटले.

मात्र ह्या गोळ्यांनी खाजेबरोबर रोगीही झोपी जात. आरंभी ह्याकडे किरकोळ त्रास म्हणून पाहिले गेले. औषधाचे हे दुसरे अंग किती दूरवर पोहोचते, हे एका योगायोगाने कळले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९४७ साली गे व कार्लिनर ह्या डॉक्टरांकडे गांधींवर नवे औषध घेणारी एक बाई येत असे. ट्रॅमच्या प्रवासात तिला नेहमी मळमळे. औषध घेतल्यावर ती मळमळ नाहीशी झाल्याचे तिने सांगितले. तेच औषध नोव्हेंबर १९४८ मध्ये जर्मनीस निघालेल्या 'जनरल बॅलू' ह्या सैनिकवाहू जहाजावर देऊन पाहिले, आणि बोट लागण्यावर ते गुणकारी ठरले. 'ड्रॅमामीन' ते हेच. फ्रान्समध्ये प्रोमेथझीन म्हणजे 'फेनरगन' ह्या अशाच औषधाच्या कुळातून १९५० साली क्लोरप्रोमझीन जन्मास आले आणि वेड्यांच्या इस्पितळांची रीतच बदलली. गांधींवरील गोळीपासून मनोविकारांच्या औषधापर्यंतचा हा प्रवास एखाद्या स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

ह्याच सुमारास औषधाची कीर्ती त्याच्या पुढे धावू लागली. ते पडशावर रामबाण आहे अशी अमेरिकेत आवई उठली आणि दुकानांत झुंबड लागली. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने १९५० साली पद्धतशीर चाचणी घेतली, काहींस औषध व काहींस नुसत्या साध्या गोळ्या दिल्या, तेव्हा दोहोंत फरक असा निघालाच नाही. पडसे आपोआप बरे होते. गांध आपोआप मावळते. येथे आमसुलाची जागा नव्या गोळीने घेतली होती. त्वचारोगांच्या बाबतीत मात्र अशी झाडाझडती व्हावयास पुष्कळ काळ गेला. खाज म्हणजे हिस्टामीन हे समीकरण एवढे रुजले होते, की खाजणाऱ्या प्रत्येक रोगात, इसब असो, खरूज असो वा कावीळ असो, ह्याच गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. मलमेही निघाली, आणि त्या मलमांनीच कित्येकांच्या कातडीला नवे वावडे जडले.

औषध काम कसे करते ह्याविषयीची कल्पनाही मधल्या काळात बदलली. आरंभी ते कुलपात अडकवून ठेवलेल्या खोट्या किल्लीसारखे समजले जाई: खोटी किल्ली आत असली की खरी आत जात नाही. नंतर लक्षात आले, की हिस्टामीनचा ग्राहक हा स्थिर नसून जागृत व निद्रिस्त अशा दोन अवस्थांत सतत हेलकावे खात असतो. हिस्टामीन त्यास जागृत अवस्थेत धरून ठेवते, तर औषध त्यास निद्रिस्त अवस्थेत रोखते. ह्यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. गांध उठल्यावर गोळी शोधीत धावण्यापेक्षा, ज्यास हा त्रास दीर्घकाळ आहे त्याने ती नेमाने रोज घ्यावी. सुटलेले हिस्टामीन ग्राहकाला जाऊन भिडल्यावर आणि रक्तरस पाझरल्यावर गोळी ती सूज परत वाहिनीत नेऊ शकत नाही. शिवाय जठरात आम्ल उत्पन्न करणारे हिस्टामीन ह्या औषधांस मुळीच दाद देत नसे. त्यावरून अॅश व शिल्ड ह्यांनी १९६६ साली त्वचेतील ग्राहकास 'एच-१' असे वेगळे नाव दिले, आणि १९७२ मध्ये जेम्स ब्लॅकने जठरातील 'एच-२' ग्राहक दाखवून आम्लपित्ताच्या औषधांचा मार्ग मोकळा केला. मराठी माणसाच्या बोलण्यात अंगावरचे पित्त आणि घशाशी येणारे पित्त एकच. हिस्टामीनच्या हिशेबी त्यांचे दरवाजे दोन आहेत.

झोपेचे कारण १९८४ च्या सुमारास नीट उमगले. मेंदूच्या तळाशी हिस्टामीनवर चालणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, आणि माणसास जागे ठेवणे हे त्याचे एक काम आहे. जुनी औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरत आणि तेथील एच-१ ग्राहकही बंद करीत. तेव्हा मेंदूत न शिरणारे औषध हवे होते. टर्फेनाडीन हे तसे पहिले प्रसिद्ध औषध. अमेरिकेत त्यास १९८५ साली परवानगी मिळाली आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. पुढे काही रोग्यांत, विशेषतः बुरशीवरील वा जंतूंवरील ठराविक औषधे बरोबर घेणाऱ्यांत, हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडल्याचे आढळले. यकृत एरवी टर्फेनाडीनचे रूपांतर दुसऱ्या, निरुपद्रवी पण तितक्याच गुणकारी द्रव्यात करी. ती दुसरी औषधे ह्या रूपांतरास आडकाठी करीत आणि मूळ द्रव्य रक्तात साचे. मग ते रूपांतरित द्रव्यच फेक्सोफेनाडीन ह्या नावाने १९९६ साली विक्रीस आले, आणि १९९८ पर्यंत टर्फेनाडीन अमेरिकेच्या बाजारातून गेले. आज घरोघरी ठाऊक असलेले सेटिरिझीन हेही असेच १९५६ च्या हायड्रॉक्सिझीन ह्या झोप आणणाऱ्या औषधाचे शरीरात होणारे रूपांतर आहे. ते काहींस थोडी गुंगी आणते, पण जुन्याइतकी नव्हे.

झोप न आणणाऱ्या ह्या औषधांनी अजाणता एक मोठी परीक्षा घेतली. जुन्या गोळ्यांनी इसबाचे मूल रात्री शांत निजे, आणि आई म्हणे की खाज थांबली. नव्या गोळ्या हिस्टामीनला तितक्याच, किंबहुना अधिक, समर्थपणे अडवीत असता इसबाच्या मुलास त्यांनी फारसा गुण येईना. चाचण्यांमागून चाचण्या झाल्या, आणि इसबाची खाज शमविण्यात ह्या औषधांचे सामर्थ्य अल्प असल्याचे दिसून आले. जे बरे वाटत होते त्यातील पुष्कळसे श्रेय गुंगीचे होते. एखादी वाईट रात्र निभावून नेण्यास तिचा उपयोग नाकारता येत नाही. परंतु महिनोन् महिने रोज गुंगीचे औषध घेणारे मूल सकाळी वर्गात पेंगते, आणि त्याच्या कातडीचा कोरडेपणा व दाह तसाच राहतो. स्निग्ध लेप व दाहशामक मलमे ह्यांकडे दुर्लक्ष होते, ते निराळेच. वृद्धांत तर जुन्या गोळ्यांनी भ्रम होणे, लघवी अडणे, तोल जाऊन पडणे असे प्रकार घडतात.

खरजेची गोष्ट ह्याहूनही विचित्र आहे. हा रोग एका सूक्ष्म किड्यापासून होतो हे इटलीतील बोनोमो व चेस्तोनी ह्यांनी १६८७ सालीच सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सांगितले होते. गोळी घेतल्याने किडा मरत नाही. रोगी थोडा पेंगतो, किडा कातडीत बीळ कोरीत राहतो, आणि एकाची खाज चार जणांच्या बिछान्यांत पसरते. घरातील सर्वांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत पर्मेथ्रिनसारखे औषध लावणे आणि आठवड्याने ते पुन्हा लावणे, हा त्यावरील खरा इलाज. काविळीचा विनोद तर काव्यशास्त्रातील विरोधाभासाचे उदाहरण म्हणून चालेल. यकृतातून पित्त वाहण्यास अडथळा आला की अंगास असह्य खाज सुटते, तीही गांध न उठता. 'पित्त उठले' म्हणतात तेथे पित्ताचा काही संबंध नाही आणि ही गोळी उत्तम चालते. जेथे पित्त खरोखरीच तुंबलेले आहे, तेथे ती जवळजवळ निष्प्रभ!

खाज एकच नाही, ह्या गोष्टीचा निर्णायक पुरावा ज्या वस्तूने दिला, ती कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात पोरांच्या खोड्यांसाठी सुप्रसिद्ध आहे. खाजकुइलीच्या शेंगेवरील सोनेरी कुसे अंगास लागली की माणूस नाचू लागतो. परंतु तेथे हिस्टामीनने उठते तशी पसरट लाली नि फुगीर गांध उठत नाही. १९५५ साली शेली व आर्थर ह्या अमेरिकन संशोधकांनी ह्या कुसांतील खाजरे द्रव्य एक प्रथिनभंजक विकर असल्याचे दाखविले आणि त्यास खाजकुइलीच्या शास्त्रीय नावावरून 'म्युक्युनेन' म्हटले. हिस्टामीनविरोधी औषध घेऊनही ही खाज थांबत नाही. तरी शास्त्रज्ञांनी हा धागा बरीच वर्षे तसाच पडू दिला. १९९७ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे श्मेल्त्स व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचेतील एकेका मज्जातंतूचा विद्युत्-संदेश टिपून, हिस्टामीनच्या खाजेचे स्वतंत्र, फार मंद वाहक असलेले तंतू शोधून काढले. खाज म्हणजे सौम्य वेदना, हा जुना समज त्यामुळे ढासळला. मग खाजकुइली पुन्हा प्रयोगशाळेत आली. २००८ च्या सुमारास दिसून आले, की तिची कुसे त्या तंतूंना चाळवीत नाहीत. त्यांचा निरोप दुसऱ्याच तंतूंवरून मेंदूस पोहोचतो. हे विकर ज्या ग्राहकांवर घाला घालते तेही हिस्टामीनचे नव्हेत, हेही त्याच वर्षी कळले.

म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या खाजेच्या निदान दोन वाटा झाल्या. १९४२ पासूनच्या साऱ्या गोळ्यांनी त्यांतील एकीवरच पहारा बसविला होता. इसबाची खाज मुख्यत्वे दुसऱ्या वाटेने येते. त्वचेतील रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन नावाची जी द्रव्ये सोडतात, त्यांतील ३१ व्या क्रमांकाचे द्रव्य खाजेच्या मज्जातंतूंस थेट जाऊन भिडते, असे २००४ नंतरच्या संशोधनात आढळले. ४ व १३ ह्या क्रमांकांच्या द्रव्यांचा मार्ग अडविणारे ड्युपिलुमॅब हे टोचून घ्यावयाचे औषध २०१७ साली इसबासाठी मान्य झाले, आणि ३१ व्याचा मार्ग अडविणारे नेमोलिझुमॅब जपानने २०२२ मध्ये स्वीकारले. गांधींच्या रोग्यास मात्र अद्यापही प्रथम तीच साधी, झोप न आणणारी गोळी देतात. एका गोळीने भागले नाही तर वैद्याच्या देखरेखीखाली तिची मात्रा चौपटीपर्यंत वाढवितात, आणि तरीही न भागल्यास, २०१४ पासून, प्राउसनित्सच्या पोटावर ज्याने गांध उठविली होती त्या आयजीईलाच बांधून टाकणारे ओमॅलिझुमॅब टोचतात.